गलोलीने पाडलेले होले आणि 'जगण्याची लढाई'

तिरफळ:
परवा इथे 'आमचं रानटी बालपण' हा लेख आला आणि लोकांनी त्यावर लाईकच्या बदामांचा पाऊस पाडला. लेखकमहाशय म्हणतात, गलोलीने होले, म्हणजे रानातली छोटी कबुतरं, पाडणं, सशामागे कुत्री सोडणं ही त्यांच्या पिढीची 'जगण्याची लढाई' होती, आणि आजची पोरं मोबाईलपायी मऊ पडली. लढाई? वडील शिक्षक, दारात दुभती म्हैस, हे त्याच लेखात लिहिलंय. आणि सोललेला होला मूठभरही भरत नाही हो.

मीही मारलेत. तिसरी-चौथीत असेन. चिंचेचं बेचकं, सायकलच्या ट्यूबचं रबर, खिशात ओढ्यातले गोल खडे. पहिला होला पडला तो मेलाच नव्हता. एक पंख घासत जागच्या जागी गोल फिरत होता आणि आम्ही चौघं 'तू मुरगाळ, तू मुरगाळ' करत उभे. कुणीच मुरगाळला नाही. शेवटी मांजरानं नेला. त्यात भूक कुठे होती? नेम होता आणि पोरांत वट होती. एवढं कबूल करा, मग खुशाल आठवणी काढा.

बांधावरचा:
सहाव्या मजल्यावरून शिकवणं सोपं असतं, तिरफळ. आमच्याकडे संगमेश्वरला या आणि डुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं भात बघा. माझे वडील शेतातल्या माळ्यावर बसून पहाटेपर्यंत डबा बडवायचे. आठ वर्षांचा होतो तेव्हा पहिल्यांदा हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून डुक्कर शिकाऱ्यांकडे हाकायला, गेलो. डुक्कर पडलं की वाडीत घरटी वाटा. एका म्हातारीच्या घरातून हाक्याला जाणारं कुणी उरलं नव्हतं, तिचा वाटा आधी निघायचा. हे मी शाळेत नाही शिकलो. आता पिकातलं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. अर्ज, पंचनामा, सही. तोवर डुक्कर ढेकर देऊन गेलेलं असतं.

अंजली_ठाणे:
आठ वर्षांच्या पोराला हाक्याला नेलं याचं कौतुक? माझा सख्खा मामा असाच गेला. झुडूप हललं, ठासणीच्या बंदुकीतून बार सुटला, झुडपात मामा. वाडीनं वाटे तेव्हाही केले असतील, मला माहीत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा होऊन पन्नास वर्षं उलटली तरी यांचं 'आमच्यात असंच असतं' संपत नाही.

बांधावरचा:
मामांचं वाईट वाटलं, मनापासून. पण अपघात रस्त्यावरही होतात, म्हणून एसटी बंद करत नाही आपण.

अंजली_ठाणे:
लाज वाटू दे थोडी.

पारवा८२:
अहो, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनीही लहानपणी एअरगननं चिमणीच पाडली होती. पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तिरफळ:
ते गळ्यावरचा पिवळा डाग बघून चिमणी घेऊन बीएनएचएसमध्ये, मुंबईच्या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत, गेले. तुम्ही चुलीकडे गेलात. फरक तेवढाच.

कुळीथपिठी:
वा, तिरफळ! गेल्या जूनमधला चढणीच्या माशांचा फोटो कुणाचा होता? मळे, वाम, शिंगट्या आणि वर तव्यावर गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. पहिल्या पावसात मासा अंडी घालायला ओढ्यानं वर चढतो, तेव्हा बत्ती घेऊन कोयत्यानं त्याला कापायचं. ती पार्टी, आणि होला मारला की पाप?

तिरफळ:
मासेमारी आणि शिकार एक नव्हे.

कुळीथपिठी:
का? मासा ओरडत नाही म्हणून? समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती ह्याच विणीसाठी. ओढ्याला काय वेगळी देवी आहे?

बांधावरचा:
हे मात्र लाखात एक बोललात. आमच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, आता वाम दिसत नाही. मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकतात काही नालायक.

पारवा८२:
ब्लीचिंग वेगळं, कोयता वेगळा. कोयत्यानं असे किती मरतात?

कुळीथपिठी:
आणि गलोलीनं?

फाटकी_गोधडी:
एवढा वेळ गप्प होते. ७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायची, सरकारी सुकडीवर आम्ही चार भावंडं. आजोबा बांधातली उंदरांची बिळं खणायचे. आधी आतली कणसं बाहेर काढायची, ती झटकून घ्यायची, मग उंदीर. कणसं आईकडे, उंदीर विस्तवावर. कुणी नेम धरला नाही, कुणाची वट वाढली नाही. आम्ही त्याला कधी शिकार म्हटलं नाही, लाजच वाटायची. फासेपारध्यांना तर इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवलं. आजही त्यांच्या पोराच्या हातात तितर दिसला तर पोलीस येतात. मास्तरांच्या मुलानं पाडला तर बदाम येतात.

पारवा८२:
ताई, नमस्कार. पण माशांचं राहिलंच. गाबोळी खाल्ली नाही म्हणून तो मासा वाचतो असं थोडंच आहे?

अंजली_ठाणे:
एवढं वाचून तुम्हाला गाबोळीच आठवली. धन्य आहे.

बांधावरचा:
फाटकी_गोधडी, आमच्या वाडीत वाटे सगळ्यांना जायचे, पण कातकरवाडीत जायचे का, हे आज पहिल्यांदाच मनात आलं. हाक्याला ते पुढे असायचे. काळीज, मांडी मात्र आमच्याकडे. वडिलांना विचारायला हवं होतं.

तिरफळ:
बरं बाबांनो. फोटो काढून टाकला. झालं समाधान?

कुळीथपिठी:
फोटो काढला, गाबोळी परत ओढ्यात गेली का?