मदत हवी आहे: सोसायटी दोन प्रभागांत फोडली, हरकत कुठे घ्यायची??

सी_विंगवाला
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. महापालिका निवडणुकीसाठी आमची सोसायटी चक्क दोन तुकडे करून टाकलीय. ए, बी विंग एका प्रभागात आणि सी, डी शेजारच्या प्रभागात. गेट एक, पाण्याची टाकी एक, ड्रेनेज लाइन एक आणि नगरसेवक मात्र वेगवेगळे? चेंबर तुंबलं की दोन्हीकडचे म्हणणार ते आमच्यात येत नाही. ऑफिसात विचारलं तर सांगतात प्रभाग रचना अंतिम झाली, आता काही होत नाही. इमारती अशा मधून तोडायच्या नाहीत असा नियम आहे ना? कोणाकडे हरकतीचा नमुना असेल तर टाका, मुदत संपत आलीय.

अडगळीतला
कुठलं शहर? आणि मुदत कसली? रचनेच्या हरकती तर गणपतीच्या आसपास घेऊन झाल्या, सुनावण्या झाल्या, अंतिम नकाशेही लागले.

सी_विंगवाला
शहर नाही सांगत, आमचे चेअरमन इथे पडीक असतात. महाराष्ट्रातलंच, दहा-पंधरा वर्षांत बेसुमार वाढलेलं, चार सदस्यांचा प्रभाग. एवढ्यावर काय ते सांगा.

चार_मतं_एक_डोकं
खरं दुखणं त्या चार सदस्यांतच आहे. मुंबई सोडली तर बाकी ठिकाणी नुसता खेळ चाललाय. २००२ ला तीनचा, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मग सरकार बदललं की तीन, परत बदललं की चार. मुंबईत एकचा प्रभाग आहे पण तिथेही २२७ प्रभागांचे २३६ केले आणि २०२२ मध्ये परत २२७. माणूस एक वॉर्ड पाठ करेपर्यंत दुसरा येतो. एक वॉर्ड एक नगरसेवक करा, सगळे धागे आपोआप बंद होतील.

ढोबळ_हिशेब
एकचा वॉर्ड केला तर वॉर्ड चौपट होतील, रेषा वाढतील आणि सोसायट्या जास्त फुटतील. विचार करून लिहा की जरा.

चार_मतं_एक_डोकं
निदान कोणाची कॉलर धरायची ते तरी कळेल. आता प्रभागातल्या अ ब क ड जागांचे चौघेही म्हणतात ते काम दुसऱ्याकडे आहे.

निवृत्त_प्रगणक
मी मास्तर, २०११ च्या जनगणनेत घरोघर फिरलोय म्हणून सांगतो. प्रभाग मतदारांवर नाही, जनगणनेच्या लोकसंख्येवर पाडतात आणि शेवटची जनगणना २०११ ची. त्याचे छोटे छोटे प्रगणक गट असतात, तेच एकाला एक जोडत जायचं. सुरुवात उत्तरेकडून, मग ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत. सरासरीपेक्षा १० टक्के कमीजास्त चालतं. गट शक्यतो फोडायचा नाही, आणि हद्द नाला, नदी, रेल्वे, मोठा रस्ता असल्या ठळक गोष्टींवरून न्यायची. आता गंमत अशी की जिथे २०११ ला ऊस होता तिथे आज चौदा मजली टॉवर असले तरी त्या टॉवरांची लोकसंख्या कागदावर शून्यच. म्हणून वाढत्या बाजूच्या प्रभागात मतदार रगडून आणि जुन्या गावठाणात कमी. 'आमच्याकडे मतदार फार झाले' ही हरकत टिकत नाही ती यामुळे. तुमची सोसायटी कधीची?

ढोबळ_हिशेब
+१. पुण्याचंच बघा, २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला आणखी २३, नंतर त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढली, आणि मोजमाप सगळं २०११ चं. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग, ४० चारचे आणि आंबेगाव-कात्रजचा तेवढा पाचचा. मावेना म्हटल्यावर काय करणार.

कायद्याचं_बोला
थेट हायकोर्ट. रिट टाका, स्टे घ्या.

अडगळीतला
वेळ आणि पैसा जास्त झालाय का? घटनेच्या २४३ झेडजी मध्ये सरळ आहे की प्रभागांची हद्द ठरवणाऱ्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही. त्यात ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलंय, आता कोण स्टे देतो.

कायद्याचं_बोला
कायद्याला देता येत नाही, चुकीच्या अंमलबजावणीला देता येतं.

अडगळीतला
एका सोसायटीसाठी? बरं. धागाकर्ते, तुम्ही अजून सांगितलं नाहीत की दोन प्रभाग झाले हे तुम्हाला कळलं कशावरून. नकाशावरून की यादीवरून?

फॉर्म_आठ
आधी पत्ता बदलून घ्या. ऑनलाइन फॉर्म ८ भरायचा, आधार आणि लाइट बिल जोडायचं, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी येतो. माझ्या मेव्हण्याचं झालं व्यवस्थित.

सी_विंगवाला
पत्ता बरोबरच आहे हो माझा!! आणि कळलं म्हणजे काय, एका उमेदवाराचा पोरगा यादी घेऊन आला होता, त्यात ए, बी ची नावं होती आणि आमची नव्हती. शोधलं तर पलीकडच्या प्रभागाच्या यादीत सापडली. सोसायटी २०१६ ची.

अडगळीतला
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना राव. म्हणजे नकाशा बघितलेलाच नाही. वेबसाइटवर अंतिम रचनेत प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि चतुःसीमा शब्दांत दिलेली असते, उत्तरेला काय, पूर्वेला काय. ती वाचा आणि इथे टाका. नकाशाची पीडीएफ झूम करू नका, लाल रेघच दोन इमारती जाडीची असते.

सी_विंगवाला
वाचली. पूर्वेची हद्द नाल्याने जाते. आम्ही सगळेच नाल्याच्या पश्चिमेला. म्हणजे चारही विंग एकाच प्रभागात हव्यात??

निवृत्त_प्रगणक
हव्यातच. तुमची रचना फुटलेली नाही, यादी फुटलीय. पालिका स्वतःची यादी करत नाही, विधानसभेची यादी घेते, या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची, आणि ती प्रभागवार फोडते. विधानसभेचे यादी भाग प्रभागाच्या हद्दीशी जुळत नाहीत, मग कर्मचारी एकेक पत्ता बघून हा इकडे तो तिकडे करतात. जागेवर न जाता खुर्चीत बसून केलं की असं होतं. तुमच्या नावांसमोर पत्ता कसा छापलाय ते बघा बरं.

सी_विंगवाला
ए, बी ला सोसायटीचं नाव आहे. आम्हाला नुसतं 'फेज २' आणि सर्व्हे नंबर. अरे हो... नाल्यापलीकडे त्याच बिल्डरची दुसरी स्कीम आहे, तिलाही फेज २ च म्हणतात.

ढोबळ_हिशेब
😂 सापडला चोर.

तिसरा_डोळा
चूकबीक काही नाही, मुद्दाम करतात. कुठल्या विंगेत कोणाचे मतदार जास्त ते सगळ्यांना माहिती असतं.

निवृत्त_प्रगणक
असेल कुठे, नाही म्हणत नाही. पण इथे फेज २ वाचून ढकललेलं स्पष्ट दिसतंय. उगाच हरकतीत 'षड्‌यंत्र' वगैरे लिहू नका, कारकून वाचायचं सोडून देतो.

अडगळीतला
तर आता नीट ऐका. प्रारूप मतदार यादीवर हरकत घ्यायची, रचनेवर नाही. मुदत ३ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवलीय. या टप्प्यात नवीन नाव घालत नाहीत, पण चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं, त्यासाठीच हा टप्पा आहे. अर्जात यादी भाग, अनुक्रमांक, कुठल्या प्रभागात आहे आणि कुठल्यात हवं ते लिहा, चतुःसीमेतलं नाल्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवा, घरपट्टीची पावती जोडा. सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र द्याच, पण शक्य तेवढ्या लोकांचे वेगळे अर्जही द्या, कोणी नुसत्या पत्रावर अडवलं तर तेवढे तरी हातात राहतात. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. पुन्हा कोणी 'रचना अंतिम झाली' म्हणालं तर म्हणा हो झाली, त्याप्रमाणेच यादी करा.

कायद्याचं_बोला
आणि ऐकलं नाही तर रिट.

सी_विंगवाला
रिट राहू दे. अडगळीतला आणि मास्तर, आभार. लेटरहेड चेअरमनकडे आहे आणि ते बी विंगचे, त्यांना घाई नाही, तेवढंच बघायचंय.

सुखी_मतदार
याच विषयावर विचारतो, माझं नाव दोन प्रभागांत आहे आणि दोन्हीकडे समोर दोन चांदण्या छापल्यात. मी कुठे मत द्यायचं?

अडगळीतला
ती दुबारची खूण आहे, कुठल्या केंद्रावर देणार ते लिहून घेतील. बाकी वेगळा धागा काढा. आणि त्यात शहर लिहा.