चर्चा: चार कॉलेजांत मिळून एकच यंत्र घ्यावं का?

परळची शिक्षिका:
आमचा जीवतंत्रज्ञान विभाग अनुदानासाठी अर्ज करतोय. यादीत सगळ्यात वर रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत त्या मोजणारं यंत्र. माझं मत, ते एकट्यासाठी मागू नये, जवळच्या तीन कॉलेजांना बरोबर घ्यावं. ९६ वेल्सची (खळग्यांची) प्लेट, एक रन साधारण दीड-दोन तासांचा. आमचे सगळे प्रकल्प धरले तरी यंत्र आठवड्यातले चार दिवस झाकूनच राहील. पवईच्या आयआयटीत १९७६ पासून बाहेरच्यांचे नमुने तपासून देणारं केंद्र आहे. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत एनएमआरची, म्हणजे चुंबकाने रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्रांची, राष्ट्रीय सुविधा आहे. तिथलं चुंबक द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनला (साधारण उणे २६९ अंश सेल्सिअसला) ठेवावं लागतं, कोणी वापरो न वापरो. वाटून वापरणं मुंबईला नवीन नाही.

डोंबिवलीचा संशोधक:
ताई, एनएमआर कॉलेजात कोणीच मागत नाही. पीसीआर हे शिकायचं यंत्र आहे. एमएस्सीला मी नमुने बाहेर दिले, पीडीएफ आली, आलेख प्रबंधात लावला. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं, मेल्ट कर्व्हला (डीएनए तापवून काढलेल्या आलेखाला) दोन शिखरं का? मी गप्प. प्रायमर (ज्यांपासून प्रत सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांनाच चिकटले होते, हे नंतर समजलं. स्वतः यंत्रावर बसलो असतो तर पहिल्याच रनला कळलं असतं. शिवाय सामायिक यंत्राची किल्ली एकाच कॉलेजकडे राहते आणि प्रकल्पांच्या घाईत त्यांचीच मुलं आधी. आणि आरएनए? ते लगेच खराब होतं, लोकलच्या गर्दीतून बर्फाच्या डब्यात न्यायचं का?

निवृत्त लॅब असिस्टंट:
आरएनए नेऊच नका. आपल्या लॅबमध्ये सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) करून ते न्या, ते तितकं नाजूक नसतं.
माझी काळजी वेगळी आहे. यंत्र घ्यायला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत नवं एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) गेलं. कोणीतरी बफर (क्षारांचं द्रावण) न धुता बंद केलं, क्षार साचून पंप अडकला. वॉरंटी संपलेली, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) केलेलं नाही. तीन वर्षं ते प्लास्टिकखाली होतं. जुलैत रात्री एसी बंद ठेवला तर मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते, हेही पाहिलंय. म्हणून चौघांनी एकत्र या, पण एएमसीसाठी आणि एका पगारी ऑपरेटरसाठी.

एमएस्सी, दुसरं वर्ष:
काका, ऑपरेटर असला की आम्हाला लांबूनच बघायला मिळतं. माझे तीन रेप्लिकेट्स (एकाच नमुन्याच्या तीन चाचण्या) अजून जुळत नाहीत, पिपेट धरायचा हात बसलेला नाही. तो नुसतं बघून बसणार नाही. आम्हाला एक-दोन प्लेट्स वाया घालवायची मुभा हवी.

परळची शिक्षिका:
हे माझ्या अर्जात नव्हतं, आजच घालते. आठवड्यातले दोन दिवस फक्त विद्यार्थ्यांचे. प्लेट त्यांनीच लावायची, ऑपरेटरने शेजारी उभं राहायचं. सरावाच्या रिएजंटचा (रसायनांचा) खर्च वेगळा धरायचा. पण एकट्याने यंत्र मागणं मला अजूनही पटत नाही.

डोंबिवलीचा संशोधक:
मग किल्लीचंही लिहा. समन्वयक दरवर्षी वेगळ्या कॉलेजचा आणि बुकिंगची शीट चौघांनाही उघडी. हे नसेल तर आमच्या प्राचार्यांना मी सही करू नका असंच सांगेन.