खिडकीखालच्या छोट्या वाफ्यासाठी उन्हाळ्यात फुलणारं बुटकं झुडूप सुचवा

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. खिडकीखालचा एक वाफा मोकळा झालाय. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, मागे पश्चिमेकडे तोंड केलेली भिंत. दुपारी बारापर्यंत सावली, मग सूर्य मावळेपर्यंत थेट ऊन. माती काळी, चिकट. पाणी बोअरचं आणि इतकं जड की कुंड्यांच्या कडांवर पांढरे थर बसतात. थंडीत शेवंती असते, पावसाळ्यातही काही ना काही फुलतं, पण ऐन उन्हाळ्यात हा कोपरा अगदी ओकाबोका दिसतो. खिडकीची चौकट जेमतेम साडेतीन फुटांवर आहे, म्हणजे झुडूप तीन फुटांच्या आत राहिलं पाहिजे. घरात दीड वर्षांचं मूल आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतं. दर वर्षी नवं लावायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. काय लावू?

निळीशाई
डोळे झाकून बुटका एक्झोरा लावा. लहान पानांची जात मिळते, ती दोन-अडीच फुटांवर थांबते. लाल, केशरी, पिवळे, पांढरे असे सगळे रंग. ऊन जितकं जास्त तितके झुबके जास्त. छाटून कुंपणासारखी सरळ ओळही करता येते.

सावलीतला
निळीशाई, एक्झोरा मलाही आवडतो, पण धागाकर्त्यांचं पाणी बघा ना. एक्झोऱ्याला आम्लधर्मी माती लागते. जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) चढत जातो, मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं चित्र दिसायला लागतं. अशा मातीत साधं हिराकस घालून फारसा उपयोग होत नाही, त्यातलं लोह लगेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, चालतं, पण ते पुन्हापुन्हा द्यावं लागतं. पावसाचं पाणी साठवून घालणार असाल तर जरूर लावा. नाहीतर झाडाचेही हाल आणि तुमचेही.

खडकाळ
भिंत तापते, पाणी जड, माती चिकट. या तिन्हींना पुरून उरणारं एकच झाड मला माहीत आहे, ते म्हणजे बुटकी कण्हेर. गुलाबी, पांढरी, फिकट पिवळसर, आणि उन्हाळाभर फुलं.

मातीतलेहात
खडकाळ, झाड काटक आहे यात वादच नाही, पण त्या घरात रांगतं-चालतं मूल आहे. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, चीक सगळंच विषारी असतं आणि ते थेट हृदयावर परिणाम करतं. पाऊलवाट, मूल मोठं होईपर्यंत ती नकोच. अलामांडाची झुडूपवजा जातही कोणीतरी सुचवेल, तिलाही चीक असतो आणि तो कातडीला झोंबतो. घाणेरीच्या बागेतल्या जाती दिसतात छान, पण तिची कच्ची फळं मुलांच्या हाती लागू नयेत.

माझं मत सरळ आहे: मोगरा. तुमची जागा जणू त्याच्यासाठीच आहे. त्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, ते तुमच्याकडे आहे. तापलेल्या भिंतीचा त्याला त्रास नाही, उलट ऊब मिळाली की कळ्या जोर धरतात. एक्झोऱ्याइतका तो पाण्याच्या बाबतीत नखरेलही नाही. आणि त्याचा खरा बहर उन्हाळ्यातच असतो. आठ फुटांत दोनच रोपं लावा, मध्ये चार फूट अंतर ठेवून. सुरुवातीला रिकामं वाटेल, पण तिसरं रोप दाटीवाटीने घालू नका. हवा खेळली नाही की लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येतो.

पाऊलवाट
मातीतलेहात, मोगरा मनात होताच! पण आजूबाजूला बघते तर सगळ्यांचे मोगरे वेलीसारखे लांब फाटे सोडून पसरलेले, पानं भरपूर आणि फुलं चार. तीन फुटांत तो राहील का? आणि जात कोणती घेऊ?

मातीतलेहात
राहील. छाटणी वेळेवर केली तर नक्की राहील. मोगऱ्याची फुलं जुन्या फांदीवर येत नाहीत, नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. नवे फुटवे जितके जास्त तितक्या कळ्या जास्त, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

थंडी संपत आली की आधी दोन आठवडे पाणी कमी करत न्या. झाडाला ताण बसू द्या, पानं थोडी मलूल झाली तरी घाबरू नका. मग सगळ्या फांद्या जमिनीपासून दीड फुटावर छाटा. सुकलेल्या, आत वळलेल्या, पेन्सिलीपेक्षाही बारीक काड्या बुडापासून काढा. उरलेली पानंही खुडून टाका. झाड अगदी खराट्यासारखं दिसेल. मग आळं हलकं खणून कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि भरपूर पाणी द्या. फुटवे लवकर येतात, कळ्यांना मात्र साधारण दोन-अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून छाटणी उशिरा केली की बहरही पुढे सरकतो.

दुसरी छाटणी बहर चालू असताना करायची, आणि ती कोणी सहसा करत नाही. एक फाटा हातात घेऊन नीट बघा. टोकाला बहुतेक वेळा तीन कळ्यांचा गुच्छ असतो आणि त्यातली मधली आधी उमलते. तिन्ही गळून गेल्या की त्या टोकाला देठांचं बारीक काटकुळं तेवढं उरतं. तिथून खाली पानांच्या दोन जोड्या मोजा आणि दुसऱ्या जोडीच्या अगदी वर कापा. पानं समोरासमोर असल्यामुळे दोन्ही बगलांतून एकेक फुटवा निघतो, म्हणजे एका टोकाची दोन टोकं होतात. लांबलचक फाटेही याच वेळी आखडते घ्या. शेजारपाजारच्या झाडांना फुलं चारच का येतात ते यावरून कळेल. त्यांचे फाटे कोणी कापत नाही, किंवा त्यांना ऊन पुरत नाही, किंवा लॉनला घालतात तसलं नत्राचं खत पडत असतं. नत्र जास्त झालं की पानांचा डोंगर वाढतो.

जातीबद्दल: काही एकेरी मोगरे लवकर वाढतात, पण लांब पळतात. बटमोगरा गच्च पाकळ्यांचा, सावकाश वाढणारा. फुलं मोजकी पण भरगच्च. मदनबाणाच्या कळ्या लांबट आणि टोकदार. तुमच्या उंचीच्या अटीत मी एक बटमोगरा आणि एक मदनबाण लावला असता.

सावलीतला
+१ मोगऱ्याला. कळ्यांवर मात्र लक्ष ठेवा. कळी न उमलता जांभळट होऊन गळायला लागली तर आत बारीक अळ्या असू शकतात, फार लहान माशीच्या. कळीला भोक दिसलं आणि दोन-तीन कळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर ती कळी पोखरणारी अळी. दोन्ही बाबतींत अशा कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाकायच्या, झाडाखाली पडू द्यायच्या नाहीत. माशीची अळी मातीत जाऊनच कोष करते. घरात लहान मूल आहे तर फवारणीच्या आधी हेच करून बघा, छोट्या बागेत दोन झाडांना पुरतं.

निळीशाई
पाण्याचा मुद्दा पटला. मग मोगऱ्याच्या जोडीला रंग हवा असेल तर निळा चित्रक कसा वाटतो? उन्हाळ्यात फिकट निळे झुबके येतात, तोही नव्या फुटव्यावरच फुलतो, त्यामुळे छाटणी एकाच दिवशी उरकेल.

मातीतलेहात
निळीशाई, रंग सुंदर आहे, पण तीन फूट रुंदीत तो मोगऱ्यावर लोळेल. मोकळा सोडला तर पुरुषभर होतो. शिवाय फुलांमागचा भाग चिकट असतो, येता-जाता कपड्यांना लागतो. वाफ्यात नको, वेगळ्या कुंडीत छान.

पाऊलवाट
ठरलं, बटमोगरा आणि मदनबाण. पण उन्हाळा तोंडावर आलाय. आत्ता लावू की पावसापर्यंत थांबू? आणि काळ्या मातीत खड्डा करून त्यात चांगली माती भरली तर चालेल ना?

मातीतलेहात
नुसता खड्डा भरू नका. चिकट मातीत भुसभुशीत भरलेला खड्डा पाणी धरून ठेवतो आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा अख्खा वाफा खणा, भरपूर कंपोस्ट मिसळा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच उंच करा. भिंतीपासून दीड फूट सोडून रोप लावा.

थांबता येत असेल तर पहिला पाऊस पडून गेल्यावर लावलेलं उत्तम. आत्ताच लावायचं असेल तर संध्याकाळी लावा आणि पहिले दोन-तीन आठवडे दुपारी शेडनेटची सावली करा. पिशवीतला मातीचा गोळा कडक असेल तर आधी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजू द्या. कोरडा गोळा तसाच गाडला तर बाहेरची माती ओली आणि आतली मुळं तहानलेली, असं होतं. लावल्यावर बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. पाणी रोज शिंपडू नका, माती बोटभर खोल कोरडी लागली की मगच, पण भरपूर. जड पाण्याचे क्षार वर साचतात, ते अशा भरपूर पाण्याने खाली वाहून जातात.

पहिल्या मोसमात कळ्या दिसल्या तर अर्ध्या खुडा आणि जोर मुळांकडे जाऊ द्या. मोठी छाटणी पुढच्या थंडीनंतरच.