ग्रंथालयातलं ई-पुस्तक यादीतून गेलं कुठे?

पानगळ:
ग्रंथालयाच्या ॲपवर एका ई-पुस्तकासाठी नंबर लावला होता. पुढे बरेच जण होते, म्हटलं थांबू. आज बघते तर पुस्तकच यादीत नाही. मुळात फाइल आहे, तर रांग कशाला? आणि ग्रंथालयानं घेतलेलं पुस्तक असं जातं कुठे?

जुनीनोंदवही:
मी ग्रंथालयात खरेदी बघते. खरं तर ते पुस्तक ग्रंथालयानं विकत घेतलेलंच नसतं. छापील प्रत घेतली की ती आमची. फाटेपर्यंत फिरवा, बाइंडिंग करून पुन्हा फिरवा, प्रकाशकाला विचारावं लागत नाही. ई-पुस्तकाचा बहुतेकदा फक्त परवाना मिळतो, तोही एका वेळी एकाच वाचकासाठी. म्हणून रांग. मुदत संपली की पुन्हा पैसे भरा, नाहीतर पुस्तक जातं.

अटी प्रकाशकच ठरवतात. हार्परकॉलिन्सनं २०११ मध्ये २६ वेळा दिल्यावर परवाना संपेल असं जाहीर केलं. पेंग्विन रँडम हाउसनं २०१८ मध्ये कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे आणले. मॅकमिलननं तर नोव्हेंबर २०१९ पासून नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका ग्रंथालयाला एकच प्रत, असा नियम केला. मोठ्या शहराच्या ग्रंथालयालाही एकच! अनेक ग्रंथालयांनी त्यांची ई-पुस्तकं घेणं थांबवलं. मार्च २०२० मध्ये नियम मागे घेतला गेला.

पण आमचा खरा जीव जातो नूतनीकरणाच्या वेळी. गाजलेल्या पुस्तकांचे परवाने पुन्हा घ्यावेच लागतात, पैसे त्यातच संपतात. मग वर्षभरात मोजक्याच लोकांनी वाचलेलं पुस्तक सोडावं लागतं. छापील असतं तर वाचक येईपर्यंत कपाटात राहिलं असतं. सोडायच्या पुस्तकांची यादी करणं मला अजून सवयीचं झालेलं नाही, आणि होऊही नये.

शाईदौत:
दुसरी बाजूही बघा. कागद झिजतो, फाइल झिजत नाही. घरबसल्या फुकट मिळालं तर विकत कोण घेणार? लेखकाचं पोट त्यावर आहे.

जुनीनोंदवही:
भीती मला पटते. म्हणूनच एका वेळी एक वाचक, ही अट मला मान्य आहे. जास्त पैसेही आम्ही देतोच. मॅकमिलनचा दोन वर्षांचा परवाना ६० डॉलरला होता. माझी मागणी एवढीच, की किंमत जास्त लावा, पण कायमची प्रत विकत घ्यायची सोय ठेवा.

कलमदान:
अमेरिकेत मेरीलँड राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला होता: सामान्य ग्राहकाला ई-पुस्तक विकता, तर ग्रंथालयालाही वाजवी अटींवर द्या. पुढच्याच वर्षी न्यायालयानं तो रद्द ठरवला, कारण कॉपीराइट हा तिथे संघराज्याचा विषय. युरोपीय न्यायालयानं मात्र २०१६ मध्ये एक प्रत, एक वाचक या पद्धतीनं ई-पुस्तक देणं छापील पुस्तक उसनं देण्यासारखंच धरता येईल, असं म्हटलं.

पानगळ:
मग मी आता काय करू?

जुनीनोंदवही:
पुस्तकाची मागणी लेखी नोंदवा. परवाना पुन्हा घ्यायचा की नाही हे ठरवताना अशी नोंद हाताशी असली, तर मला त्या पुस्तकासाठी भांडता येतं.