फोंड्याकडचे जुने घर कुळागरासकट विक्रीला: दोष विकणाऱ्याचा की आपला?

उंबरठा (मूळ धागा)

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातले दोनशे वर्षांचे चौसोपी घर विक्रीला निघाल्याची जाहिरात काल पाहिली. राजांगण, मध्ये तुळशीवृंदावन, स्वतंत्र देवघर, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि मागे झरीच्या पाण्यावर पोसलेले कुळागर (पोफळी, मिरवेलींची बाग), असे सगळे एका किमतीत देऊ केले आहे. जाहिरातीत देवघराचा उल्लेख 'ध्यानकक्ष करण्यास योग्य' असा आहे आणि तो वाचून मला अतिशय वेदना झाल्या. ज्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमदानीत देव आणि घर दोन्ही राखले, त्यांच्या वारसांनी हे घर दिल्ली-मुंबईच्या धनिकांच्या हवाली करावे, हा वंशाशी केलेला द्रोह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी घरे गोव्याबाहेरच्या माणसाला विकण्यास कायद्याने बंदी असावी.

भाटाची लेक

'द्रोह' हा शब्द आपण फार सहज लिहिला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते. आमचेही असेच घर आहे आणि ते विकावे या मताची मी आहे.

चिऱ्याच्या भिंती शंभर वर्षे टिकतात, पण त्या डोक्यावरचे छप्पर कोरडे असेपर्यंतच. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दर वर्षी मे महिन्यात कौले परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, वासे आणि रिपा ठोकून पाहाव्या लागतात. एका पावसाळ्यात एक कौल सरकले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर पाणी वाशाच्या टोकाशी भिंतीत मुरते, तिथे वाळवी लागते आणि चार वर्षांनी तो सगळा सोपा खाली येतो. आमचा माजघराचा कोपरा असाच गेला. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधावा लागतो, कारण सिमेंटचा गिलावा केला तर भिंतीतली ओल आतच कोंडते आणि चिरा भुसभुशीत होतो. कुळागराला पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याची फवारणी केली नाही, तर कोळेरोगाने सुपारी गळून जाते, आणि पोफळीवर चढणारा पाडेली आता वेळेवर मिळत नाही.

हा खर्च करायचा कोणी? पोर्तुगीज नागरी संहितेतून चालत आलेल्या नियमांप्रमाणे आमच्याकडे मुलगा आणि मुलगी समान वारस, नवरा-बायको संपत्तीचे निम्मे-निम्मे मालक, आणि मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मिळकत सक्तीच्या वारसांपासून काढता येत नाही. ही न्याय्य व्यवस्था आहे आणि मुलगी म्हणून मला तिचा अभिमान आहे. पण तीन पिढ्यांनंतर एकाच घराला इतके हिस्सेदार होतात की कौलांचे पैसे मागायला फोन करावा तर अर्धे नंबर परदेशातले निघतात. दुरुस्तीच्या वेळी कोणी येत नाही आणि विक्रीच्या वेळी प्रत्येकाची आणि प्रत्येकाच्या जोडीदाराची सही लागते. ज्याने त्या घरात पावसाळ्याची एकही रात्र काढलेली नाही, त्याने वंशद्रोहाची भाषा करू नये.

मुंडकाराचा नातू

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. एकाला देवघराची चिंता आहे, दुसऱ्याला कौलांची. त्या कुळागराच्या कडेला जी दोन-चार लहान घरे असतात, त्यांतल्या माणसांची चिंता दोघांनाही नाही. माझी आजी अशाच एका घरात राहिली. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरचे लग्न असो की बारावे, तिला आधी तिथे राबावे लागे आणि मग आपली चूल पेटवावी लागे.

1975 च्या मुंडकार कायद्याने आम्हाला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, राहते घर आणि गावात 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क दिला. तो हक्क कागदावर आणायला आमची एक पिढी मामलेदाराच्या कचेरीत म्हातारी झाली, कारण प्रत्येक तारखेला भाटकाराच्या बाजूने नवा वारस उभा राही. जाहिरातीत 'विस्तीर्ण मोकळी जागा' लिहिलेले असते, ती मोकळी नसते. एक-चौदाच्या, म्हणजे जमीन-नोंदीच्या, उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात आमची नावे असतात किंवा असायला हवी असतात. विकणारा ती खरेदीदाराला सांगत नाही आणि नवा मालक आल्यावर पहिली भिंत आमच्या वाटेवर उभी राहते.

चौकातला

मुंडकारांच्या घरांबद्दल वाद नाही, ती त्यांना मिळालीच पाहिजेत. पण ही घरे का पडली, याचे मूळ कारण कोणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो. 1964 चा कूळ कायदा आणि त्याला 1976 मध्ये झालेली पाचवी दुरुस्ती, यांनी कूळ जमिनीचे मालक झाले. त्या जमिनीच्या उत्पन्नावर ही घरे उभी होती. देवळाचा उत्सव, घरची कौले, मुलांचे शिक्षण हे सगळे भात आणि नारळातून येत असे. उत्पन्न काढून घेतले आणि घर मात्र आमच्या गळ्यात ठेवले. माझ्या आजोबांनी पुढची सगळी वर्षे एकेक दागिना मोडून छप्पर राखले.

मुंडकाराचा नातू

तुमच्या आजोबांनी दागिने मोडले, कारण त्यांच्याकडे मोडायला दागिने होते. ते दागिने कोणाच्या खंडातून आले, हेही सांगा. ज्या घराचे छप्पर दुसऱ्याच्या श्रमाशिवाय एक वर्षही टिकत नाही, त्या घराला तुम्ही वारसा म्हणता. आम्ही त्याला वेठ म्हणत होतो. कूळ कायद्याला या पडझडीचा गुन्हेगार ठरवणे मी सहन करणार नाही.

चौकातला

आपली भाषा सांभाळा. माझ्या आजोबांनी कोणाला वेठीला धरल्याचा आपल्याकडे पुरावा काय? सगळे भाटकार एका मापाने मोजणे हा अन्याय आहे. शिवाय ज्यांना 1976 नंतर शेते मिळाली, त्यांतली किती आज पडीक आहेत, हे फोंड्याहून मडगावकडे जाताना कोणीही पाहावे. कसेल त्याची जमीन म्हणून घेतली आणि ती कसली नाही.

मुंडकाराचा नातू

पडीक शेतांची गोष्ट खरी आहे, ती मी नाकारत नाही. आमच्या मुलांनीही शेती सोडली, जशी तुमच्या मुलांनी सोडली. पण तेवढ्यावरून ते शेत पुन्हा तुमचे ठरत नाही, आणि तुमच्या घरातल्या प्रत्येक गळक्या कौलाचा हिशेब आमच्या नावावर मांडता येत नाही. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आले आहे. कुळागर त्यात बसत नाही, म्हणूनच आज दलालांची नजर कुळागरावर आहे. वाद घालायचाच असेल तर त्यावर घाला.

शेफील्डहून

मी इंग्लंडात यॉर्कशायरला राहते. आमच्या जवळच वेंटवर्थ वुडहाउस नावाचा तीनशेहून अधिक खोल्यांचा वाडा आहे. 1946 मध्ये सरकारने त्याच्या बागेत, अगदी घराच्या दारापर्यंत, कोळशासाठी उघडे खोदकाम केले होते. पुढे तो विक्रीला निघाला आणि 2017 मध्ये एका संवर्धन न्यासाने तो 70 लाख पौंडांना घेतला. त्याआधीच्या वर्षी सरकारने दुरुस्तीसाठी 76 लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले होते, म्हणजे खरेदीच्या किमतीपेक्षाही अधिक. आता तिथे छप्पर दुरुस्त झाले आहे आणि गावातली माणसे कामाला आहेत. खाणकामगारांच्या नातवंडांनी तो वाडा आपला मानला, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गोव्यात असे का होऊ नये?

भाटाची लेक

होऊ शकत नाही, कारण तिथे विकणारा एक होता आणि इथे चाळीस आहेत. एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायचा ठरवला, तर सहहिस्सेदारांना आधी घेण्याचा हक्क आहे. नुसती नोटीस पोचवण्यातच वर्षे जातात. त्यात ज्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले, त्यांना शेतजमीन वारशाने मिळते पण विकत घेता येत नाही, त्यामुळे घर सांभाळू इच्छिणारा लिस्बनचा चुलतभाऊसुद्धा कुळागरातले आमचे हिस्से खरेदी करू शकत नाही. आणि कोणीच काही केले नाही तर काय होते, तेही पाहिले आहे. बनावट कागद करून बंद घरे आणि जमिनी लाटल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की 2022 मध्ये विशेष तपास पथक आणि न्यायमूर्ती जाधव आयोग नेमावा लागला. मालक परदेशात किंवा निपुत्रिक वारलेला, अशाच मिळकती हेरल्या गेल्या. उघड विक्री त्याहून शतपट बरी.

बाहेरचा खरेदीदार म्हणजे राक्षस, हेही खरे नाही. केपे येथे 1787 मध्ये बांधलेला डीनचा (चर्चच्या एका अधिकाऱ्याचा) वाडा पडायला आला होता. एका दांपत्याने तो घेऊन वर्षानुवर्षे खपून उभा केला आणि आज तो पाहायला लोक जातात. मडगावचे सात शिखरांचे घर मात्र मूळ कुटुंबाच्या हाती असूनही त्याची तीनच शिखरे उरली आहेत.

उंबरठा

केप्याच्या वाड्याचे उदाहरण मला मान्य करावे लागते, पण तसे खरेदीदार हजारात एक. आमच्या शेजारच्या वस्तीत काय झाले ते ऐका. घर विकले गेले, दर्शनी भाग तसाच ठेवला आणि राजांगणावर काच बसवली. मागच्या पोफळी तोडून तरणतलाव झाला. ज्या झरीचा पाट गेली कित्येक पिढ्या खालच्या तीन कुळागरांना पाणी देत होता, तिचे पाणी आता पंपाने तलावात जाते. घराचे चिरे राखून कुळागर मारले, तर काय राखले? झर, पाट, पोफळी, मिरवेल आणि घर ही एकच रचना आहे. जमिनीचा वापर-विभाग (झोन) बदलून घेण्याचे अर्ज येतात तेव्हा नकाशावर फक्त सर्व्हे क्रमांक असतो, पाट नसतो.

'द्रोह' हा शब्द भाटाची लेक यांना लागला असेल, तर त्यांच्यापुरता तो मी बाजूला ठेवतो. विक्रीवर मात्र बिनशर्त संमती देणार नाही.

भाटाची लेक

बाजूला ठेवल्याबद्दल आभार मानत नाही, तो लिहायलाच नको होता. पाटाचे म्हणणे मात्र मी नाकारू शकत नाही. आमच्या विक्रीपत्रात पाण्याच्या पाळ्या लिहून घ्याव्यात, ही सूचना मी बहिणींपुढे ठेवीन. त्याने किंमत उतरेल आणि दोन भाऊ सही करणार नाहीत, हेही आत्ताच दिसते आहे.

मुंडकाराचा नातू

पाळ्यांबरोबर वाटही लिहा. विहिरीपासून आमच्या दारापर्यंतची, तिची रुंदी मीटरमध्ये, आणि मुंडकाराच्या नावाने. बयाणा घेण्याआधी मुंडकारांना विक्रीपत्र करून द्या आणि उरलेली जमीन मग विका. दलाल म्हणेल, आधी सौदा होऊ दे, मग त्यांचे बघू. माझ्या आजीलाही असेच सांगितले होते आणि तिचा अर्ज ती गेल्यावर निकाली निघाला.

चौकातला

वाट लिहून देण्यास माझा विरोध नाही, आमच्या घरीही ती दिलेली आहे. पण सही करायच्या आधी चाळीस वारसांपैकी एकाने तरी यंदाच्या मे महिन्यात कौले परतण्याचे पैसे भरावेत. कागदपत्रांना दोन वर्षे लागतील आणि ते छप्पर दोन पावसाळे थांबणार नाही.