आयएल-२ नसलेल्या उंदराच्या टी पेशी वाढतात कशा?

मायक्रो_दुसरंवर्ष:
नोट्समध्ये आयएल-२ (इंटरल्यूकिन-२) म्हणजे टी पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, वाढ घडवणारं रसायन. मग ज्या उंदरातून त्याचं जनुकच काढलंय, त्याच्या टी पेशी रोडावायला हव्यात ना? पेपरात उलटंच दिसतंय. प्लीहा मोठी, लसीका गाठी सुजलेल्या, मोठ्या आतड्याला दाह. हे कसं काय?

फ्लोवाला:
प्रश्न फार मोलाचा आहे. साध्या टी पेशींचं आयएल-२ शिवाय बरंचसं भागतं, कारण आयएल-७ आणि आयएल-१५ ही तशीच दुसरी रसायनं असतात. अडतं ते नियामक टी पेशींचं, म्हणजे बाकीच्या टी पेशींना आवरणाऱ्यांचं. त्यांच्यातलं फॉक्सपी३ हे प्रथिन आयएल-२ चं जनुक दाबून ठेवतं, म्हणजे स्वतः बनवायची सोय नाही. त्या जगतात शेजारच्या साध्या टी पेशीने सोडलेल्या आयएल-२ वर. उंदरात ते कुणीच बनवत नसेल, तर आधी त्याच ढासळतात आणि बाकीच्यांना आवरणारं कुणी उरत नाही.

हे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरची प्रथिनं मोजणाऱ्या मशीनवर दिसतं. निरोगी उंदराच्या प्लीहेतल्या सीडी४ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) घे, आडव्या अक्षावर सीडी२५ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आणि उभ्यावर फॉक्सपी३ लाव. वर उजवीकडे ठिपक्यांचा वेगळा पुंजका येतो, साधारण ५ ते १० टक्के. फॉक्सपी३ केंद्रकात असतं, त्यामुळे पेशी फिक्स करून आवरणाला भोकं पाडल्याशिवाय हा पुंजका दिसायचा नाही. सीडी२५ हा आयएल-२ पकडणाऱ्या ग्राहकाचाच (रिसेप्टरचा) भाग. साध्या पेशी तो चेतवल्यावर काढतात, यांच्यावर तो कायम भरपूर असतो. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुचींनी १९९५ मध्ये या पेशी सीडी२५ वरूनच ओळखल्या. २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे, आणि तो फार आधी मिळायला हवा होता.

मायक्रो_दुसरंवर्ष:
म्हणजे हल्ला करणारी पेशीच आपल्याला आवरणारीला पोसते? मग दादा, आवरणं म्हणजे फक्त आयएल-२ शोषून घेणं का?

फ्लोवाला:
हो, पोसते. पण शोषून घेणं हा एकच मार्ग नाही. त्यांच्यावरचं सीटीएलए-४ हे प्रथिन डेंड्रिटिक पेशीवरची (टी पेशींना चेतवणाऱ्या पेशीवरची) सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिनं ओढून आत घेतं. मग ती पेशी दुसऱ्या टी पेशीला नीट चेतवू शकत नाही.

कर्कवॉर्ड_रेसिडेंट:
याचा पडताळा आम्हाला वॉर्डात मिळतो. इपिलिमुमॅब हे कॅन्सरचं औषध सीटीएलए-४ अडवतं. कॅन्सरच्या गाठीवर हल्ला वाढतो, पण काहींना आतड्याचा दाह होऊन जुलाब लागतात. पेशंटला आधीच बजावून ठेवतो, जुलाब सुरू झाले की घरी गोळ्या घेत बसू नका, लगेच फोन करा.

मायक्रो_दुसरंवर्ष:
आणि आयएल-२ च औषध म्हणून दिलं तर?

फ्लोवाला:
डोसवर आहे. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते मोठ्या डोसात देत, हल्लेखोर पेशी चेतवायला. अगदी कमी डोसात दिलं तर आधी सीडी२५ वाल्याच पकडतात आणि त्यांचीच संख्या वाढते. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, हेच करून पाहताहेत.