५ महिन्यांचा जर्मन शेफर्ड हडकुळा दिसतोय, वजन वाढवायला काय देऊ?

सातारी_मावळा
नमस्कार मंडळी. आमचा बाजी, जर्मन शेफर्ड, नर, परवा ५ महिन्यांचा झाला. वजन १८.५ किलो (त्याला उचलून काट्यावर उभा राहतो आणि मग माझं वजन वजा करतो). आणला तेव्हा नुसता गुबगुबीत गोळा होता, आता फक्त पाय आणि कान दिसतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच झालीय, पळताना स्वतःच्याच पायात अडकतो, आणि उभा झालेला डावा कान गेल्या आठवड्यात परत पडला. आई रोज म्हणते लेकराला पोटभर घाल रे, फिरायला नेलं की लोक थांबवून विचारतात उपाशी ठेवता का, आणि खरं सांगतो, ते ऐकून घरी आल्यावर घास घशाखाली उतरत नाही. शेजारचा लॅब (लॅब्रेडॉर) ह्याच वयाचा आहे, २६ किलो, त्याचं सगळे कौतुक करतात.

खाणं असं: लार्ज ब्रीड पपीचं ड्राय फूड ३ वेळा, सकाळी दूध-पोळी, २ अंडी, आणि ज्यांच्याकडून आणला त्यांनी सांगितलं म्हणून कॅल्शियमचं सिरप १० मिली सकाळ-संध्याकाळ. कान उभे राहायला ते लागतंच म्हणाले. आता दुकानदार वजन वाढवायची पावडर घे म्हणतोय. घेऊ का?

अजून एक, मागच्या रविवारी उजव्या पुढच्या पायाने लंगडत होता, दोन दिवसांत आपोआप थांबलं. वाढीचं दुखणं असतं का हे?

रानवाटा
पावडर घेऊ नका दादा, कॅल्शियमचं सिरपही बंद करा. आधी हे करून बघा. हाताचा पंजा सरळ पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या वरच्या बाजूवरून फिरवा, हाडं लागतात पण टोचत नाहीत, बाजीच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ आवळल्यावर वरची हाडं जशी टोचतात तसं लागलं तर बारीक आहे, आणि तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. मग उभा असताना वरून बघा कंबर दिसते का, बाजूने बघा पोट मागे जाताना वर चढतंय का. दोन्ही असेल तर पिल्लू झकास आहे. आकड्यापेक्षा हात खरा सांगतो, कारण दोन शेफर्ड एकाच वयाचे असून ४-५ किलोंचा फरक सहज असतो. लांब केसांचा असेल तर नुसतं बघून कळणारच नाही.

सातारी_मावळा
आत्ता बघितलं. पसरलेल्या पंज्यासारखंच लागतंय, कंबर पण दिसते. म्हणजे ठीक आहे?

रानवाटा
एकदम ठीक. मागची बाजू उंच होणं हे पण ह्या वयातलंच, हाडं एकाच वेगाने वाढत नाहीत, आधी मागचे पाय ताणतात मग पुढचे गाठतात, मग परत मागचे. साधारण दीड वर्षापर्यंत हा खेळ चालतो, छाती भरायला तर अजून वेळ लागतो.

वऱ्हाडी_अण्णा
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. कॅल्शियम वाईट म्हणून सरसकट बंद करा असं कोणी सांगू नये. आमच्या पिल्लाला मी चिकन-भात खाऊ घालायचो, बाकी काहीच नाही, ४ महिन्यांत पुढचे पाय वाकायला लागले आणि हात लावला की विव्हळायचं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं पातळ झाली होती. कॅल्शियम सुरू केल्यावर सुधारला. अंडी-दूध खाऊनच आमच्या गावाकडची कुत्री मोठी झाली.

मोगरा_पनवेल
अण्णा, तुमचं बरोबर आहे आणि तरीही बाजीचं सिरप बंदच करायला हवं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, भातातही नाही, त्यामुळे शरीर हाडांमधून कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून तुमच्या पिल्लाचे पाय वाकले. घरचं खाणं द्यायचं तर ते प्रमाण डॉक्टरांकडून मोजून घ्यावंच लागतं. पण बाजी लार्ज ब्रीड पपी फूड खातोय, त्यात कॅल्शियम आधीच हिशोबाने घातलेलं असतं. अमेरिकेतल्या आफ्को ह्या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषात, मोठेपणी साधारण ३२ किलो किंवा जास्त होणाऱ्या पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं ठरवलेलं आहे. आणि लहान पिल्लाला नको असलेलं कॅल्शियम अडवताच येत नाही, मोठा कुत्रा आतड्यात शोषण कमी करतो, पिल्लाच्या अंगात मात्र घातलेल्यातलं बरंचसं जातंच. हॉलंडमध्ये उट्रेख्टला १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर ह्याचा अभ्यास झाला, जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं आणि सांध्यांची कूर्चा (कार्टिलेज) बिघडली होती.

आणि कान तर कूर्चेचे असतात, हाडाचे नाहीत. ४ ते ६ महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, त्या काळात शेफर्डचे कान पडतात, उठतात, एक उभा एक आडवा असं चालूच असतं. दात झाले की बघा.

मी हे इतकं का लिहितेय तर आमचा रॉटवायलर काळू. डबल बोन म्हणजे जाड हाडाचा आहे, भरपूर घाला, असं विकणाऱ्यांनी सांगितलं आणि मी घातलं. दूध, पनीर, अंडी, सिरप, पावडर, सगळं. ८ महिन्यांचा असताना ४७ किलो होता, सोसायटीत सगळे फोटो काढायचे, मला इतका अभिमान वाटायचा. ११ व्या महिन्यात पुढचा पाय टेकेना, कोपराचं ऑपरेशन झालं, एल्बो डिस्प्लेसिया, म्हणजे कोपराचा सांधा नीट न घडणं. तो आजार अनुवंशिक असतो, पण कोवळ्या सांध्यावर मी जे वजन लादलं ते माझ्या हातातलं होतं. चौथ्या वर्षी त्याला जिना उतरवायला आम्ही दोघं लागायचो. म्हणून तुमच्या आईंना माझ्याकडून सांगा, भरपूर घालण्यात जी माया असते ती मला पूर्ण समजते.

लॅब्रेडॉरवर एक मोठा अभ्यास झालाय, २००२ साली प्रसिद्ध झाला. ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या जोड्या, एकाला नेहमीसारखं आणि दुसऱ्याला त्यापेक्षा २५ टक्के कमी, आयुष्यभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. शेजारच्या लॅबवाल्यांनाही जमलं तर प्रेमाने सांगा.

सातारी_मावळा
ताई, वाचून काळूसाठी खूप वाईट वाटलं. सिरप आजपासून बंद. दूध-पोळी पण?

मोगरा_पनवेल
पोळीची गरजच नाही. अंडं आवडत असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा द्या आणि त्या दिवशी ड्राय फूड थोडं कमी करा, वरचं सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ देऊ नका. कप नको, किचनचा वजनकाटा वापरा. ६ महिन्यांनंतर दोन वेळा करा. जेवल्यावर तासभर तरी पळापळ नको, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

शेफर्डवाला_नाशिक
लंगडण्याबद्दल. वाढीचं दुखणं म्हणतात ते पॅनोस्टायटिस, शेफर्डमध्ये खूप दिसतं, ५ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीही. आज हा पाय, पंधरा दिवसांनी दुसरा, लांब हाड मधोमध दाबलं की दुखतं, आणि वय वाढलं की आपोआप जातं. पण घरी बसून तेच आहे असं ठरवू नका. तोच पाय परत परत, झोपून उठल्यावर जास्त, किंवा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत असेल तर एक्स-रे काढाच. मनगटाच्या वर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि आपल्याकडे गोचीड ताप विसरू नका, सुस्त आहे, खात नाही, वजन उतरतंय, लंगडतोय, तर आधी रक्त तपासा. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे अजिबात देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडन्या जातात.

घरात फरशी कसली आहे?

सातारी_मावळा
गुळगुळीत टाइल्स. वळताना पाय फाकतात त्याचे.

शेफर्डवाला_नाशिक
मग पावडरीचे पैसे तिथे घाला. तो जिथून धावतो त्या पट्ट्यात रबर मॅट टाका, गोणपाट पण चालेल पण सरकू नये. पंज्याखालचे केस कापा, नखं कापा. नॉर्वेमध्ये मोठ्या जातींवर अभ्यास झाला त्यात ३ महिन्यांच्या आत जिने चढलेल्या पिल्लांत हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) जास्त आणि मोकळ्या मातीच्या जमिनीवर खेळलेल्यांत कमी दिसला. तुमच्याकडे शेतं आहेत, सोडा त्याला मातीत, दमला की त्याचा तो बसेल. सायकलमागे पळवणं आणि बॉलसाठी उड्या मात्र हाडं पक्की होईपर्यंत नको.

सातारी_मावळा
सहा आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफी. मागच्या महिन्यात परत लंगडला, ह्या वेळी मागचा डावा पाय. डॉक्टरांकडे नेला, एक्स-रे काढला, पॅनोस्टायटिसच निघालं, सांधे चांगले आहेत, रक्तही ठीक. वजन २३ किलो, बरगड्या अजून पंज्यासारख्याच लागतात. आईला मी तिचाच हात धरून बरगड्यांवरून फिरवून दाखवला, आता लोक विचारतात तेव्हा तीच त्यांना हात लावून बघायला सांगते. हॉलभर रबर मॅट टाकलीय. डावा कान सोमवारी उभा राहिला, काल परत पडला, आज सकाळी उभा आहे.

मोगरा_पनवेल
फोटो टाका लवकर, कान उभा आहे तोवर!